नोकरी सांभाळून केलेल्या साइडच्या कामाचे पैसे रिटर्नमध्ये कसे दाखवायचे

दिवाळी अंकात कथा आली आणि मानधनाचा चेक आला, शनिवारी अंधेरीला जाऊन डबिंग केलं, बिल्डिंगमधल्या दहावीच्या दोन पोरांची गणिताची शिकवणी घेतली, गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेतल्या. मुंबईत नुसत्या पगारावर कोणाचं भागतंय हो, प्रत्येक जण काही ना काही जोडून करतच असतो. आणि मग जुलै उजाडला की सगळ्यांचा एकच प्रश्न, एवढ्याशा पैशाला टॅक्स लागतो का आणि कितीपर्यंत चालतं?

आधी हेच क्लिअर करू. आपल्याकडे साइडच्या कमाईला "इतक्यापर्यंत माफ" अशी वेगळी मर्यादा नाहीच. पाचशे रुपये मिळाले तरी ते इन्कम. लोक जो ५०,००० चा आकडा छातीठोकपणे सांगतात तो टीडीएसचा आहे, म्हणजे एका कंपनीने तुम्हाला वर्षात ५०,००० च्या वर प्रोफेशनल फी दिली तर तिने १० टक्के कापून सरकारकडे भरायचे, हा नियम देणाऱ्यासाठी आहे, घेणाऱ्यासाठी नाही. टीडीएस कापला नाही म्हणजे टॅक्स नाही असं नसतं, आणि टीडीएस कापला म्हणजे टॅक्स भरून झाला असंही नसतं. हे दोन गैरसमज गेले की अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं काम म्हणजे ही कमाई कुठल्या खात्यात बसते ते ठरवणं. रक्कम छोटी की मोठी हा प्रश्न तसा गौण आहे, पण ती "इतर उत्पन्न" म्हणून दाखवली की "धंदा-व्यवसाय" म्हणून, यावर तुमचा फॉर्म, खर्चाची वजावट, जुनी-नवी टॅक्स पद्धत (जुनीत वजावटी जास्त, नवीत दर कमी) बदलायची मुभा आणि आगाऊ टॅक्स हे सगळं अवलंबून असतं. म्हणून त्या भागात मी जरा जास्त वेळ घालवणार आहे.

खालचे सगळे आकडे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या वर्षाच्या कमाईचे आहेत, ज्याचं रिटर्न २०२६ मध्ये भरायचं. १ एप्रिल २०२६ पासून नवा इन्कमटॅक्स कायदा लागू झालाय आणि त्यात कलमांचे नंबर बदललेत, पण या वर्षाचं रिटर्न जुन्या १९६१ च्या कायद्यानेच जातं, त्यामुळे ४४ एडीए (व्यवसायाचा अंदाजी नफा), १९४ जे (प्रोफेशनल फीवरचा टीडीएस) वगैरे ओळखीचे नंबर इथे तसेच वापरलेत.

काय मोजायचं आणि काय नाही

कामाचे, कौशल्याचे, वेळेचे जे पैसे मिळाले ते सगळे मोजायचे. जीपेवर आले, रोख आले, पाकिटात घालून दिले, सगळे. मानधन, पेपर तपासणीचे पैसे, लग्नात सूत्रसंचालन केलं त्याचे, एलआयसीवाल्या मित्राला गिऱ्हाईक मिळवून दिलं त्याचं कमिशन, हे इन्कमच. पैशाऐवजी वस्तू मिळाली तरी सुटका नाही. रील बनवल्याबद्दल कंपनीने मोबाइल दिला आणि तो तुम्ही ठेवून घेतला तर त्याची किंमत धरायची, आणि असा फायदा वर्षात २०,००० च्या वर गेला तर त्यावरही १० टक्के टीडीएस भरायची जबाबदारी त्या कंपनीवर आहे.

मोजायचं नाही ते असं. अलिबागच्या ट्रिपचा खर्च तुम्ही केला आणि मित्रांनी आपापला वाटा यूपीआयने पाठवला, ते इन्कम नाही. घरातला जुना फ्रिज, सोफा विकला तर ते इन्कम नाही, पण सोनं विकलं तर तो कॅपिटल गेनचा, म्हणजे मालमत्ता विकून झालेल्या नफ्याचा विषय, तो वेगळा. सख्ख्या नातेवाइकांनी दिलेलं गिफ्ट कितीही असो, टॅक्स नाही. मित्रमंडळींकडून वर्षात मिळून ५०,००० पर्यंत चालतं, त्याच्या वर गेलं की पूर्ण रक्कम टॅक्सेबल. इथे एक झोल बरेच जण करतात, कामाचेच पैसे "गिफ्ट" म्हणून ट्रान्सफर करायला सांगतात. यूपीआयच्या नोटमध्ये गिफ्ट लिहिलं म्हणून ते गिफ्ट होत नाही, समोरच्याने त्याच्या वहीत खर्च टाकला की झालं उघडं.

टीव्हीवरच्या गेम शोमध्ये किंवा लॉटरीत जिंकलेले पैसे हे साइडचं काम नव्हे. त्यावर सरळ ३० टक्के आणि वर सेस (टॅक्सवर लागणारा जादा कर), स्लॅब नाही, रिबेट (कमी इन्कमवाल्यांना मिळणारी टॅक्समाफी) नाही. ते या लेखातून बाजूला ठेवतो.

वही ठेवा, पण साधी

अकाउंटिंगचं ॲप वगैरे काही नको. मोबाइलमधल्या शीटमध्ये तारीख, कोणाकडून, कशाचे, बिलाची रक्कम, कापलेला टीडीएस, हातात आलेली रक्कम आणि कसे आले, एवढे कॉलम पुरे. यातला "बिलाची रक्कम" हा कॉलम सगळ्यात महत्त्वाचा. डबिंग स्टुडिओने ६०,००० चं बिल पास केलं, १० टक्के कापून खात्यात ५४,००० टाकले, तर तुमचं इन्कम ६०,००० आहे, ५४,००० नाही. बँक स्टेटमेंट समोर ठेवून रिटर्न भरणारे हमखास ५४,००० टाकतात आणि वर ६,००० टीडीएसचं क्रेडिटही मागतात. डिपार्टमेंटकडे ६०,००० चा आकडा आधीच गेलेला असतो, मग मिसमॅचचा मेल येणारच.

खर्चाची बिलंही त्याच फोल्डरमध्ये टाका. शिकवणीसाठी घेतलेली पुस्तकं, मोदकांचं तांदळाचं पीठ, नारळ, तूप, स्टुडिओपर्यंतचं रिक्षा-टॅक्सीचं भाडं, कामासाठी घेतलेला माइक. घरचं इंटरनेट आणि फोनचं बिल पूर्ण टाकू नका, कामापुरता भाग टाका आणि तो कसा काढला ते शीटमध्येच एका ओळीत लिहून ठेवा. एकाच माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिले असतील तर धंद्याच्या हिशोबात तो खर्च धरत नाहीत, म्हणून मोठा खर्च ऑनलाइनच करा.

आधी एआयएस उघडा, फॉर्म नंतर

इन्कमटॅक्सच्या ई-फायलिंग पोर्टलवर पॅन टाकून लॉगिन केलं की एआयएस नावाचा भाग दिसतो, म्हणजे तुमच्याबद्दल बँका, कंपन्या, म्युच्युअल फंड यांनी सरकारला काय काय कळवलंय त्याचा जमाखर्च. सोबत २६ एएस असतं, त्यात टीडीएस दिसतो. हे दोन्ही डाउनलोड करून तुमच्या शीटशेजारी ठेवा आणि ओळ न् ओळ टिक करा.

घाई करू नका मात्र. जानेवारी ते मार्चचा टीडीएस कळवायची कंपन्यांची मुदत ३१ मे असते आणि फॉर्म १६ ए, म्हणजे टीडीएसचं सर्टिफिकेट, त्यानंतर १५ जूनपर्यंत मिळतो, म्हणून एप्रिलमध्ये उत्साहाने रिटर्न भरणाऱ्यांचे शेवटच्या तीन महिन्यांचे पैसे एआयएसमध्ये दिसतच नाहीत. जूनचा दुसरा पंधरवडा बरा, पोर्टलही तेव्हा माणसासारखं चालतं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ओटीपीची वाट बघत बसण्यात काही अर्थ नाही.

दोन गोष्टी होऊ शकतात. एक, एआयएसमध्ये एखादी रक्कम दिसते जी तुमची नाही किंवा दोनदा आलीये. तिथेच त्या ओळीवर फीडबॅक द्यायची सोय आहे, तो द्या आणि रिटर्नमध्ये खरी रक्कमच टाका. दुसरं आणि जास्त कॉमन, तुमच्या शीटमध्ये पैसे आहेत पण एआयएसमध्ये नाहीत. शिकवणीची फी, मोदकांचे पैसे तिथे दिसणार नाहीत. दिसत नाहीत म्हणून सोडून द्यायचे नाहीत. जाणूनबुजून लपवलेलं सापडलं तर त्यावरच्या टॅक्सच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड आहे, आणि नुसतं कमी दाखवलं असं धरलं तरी ५० टक्के.

स्टुडिओने किंवा प्रकाशनाने टीडीएस कापला पण २६ एएसमध्ये तो आलाच नाही तर आधी त्यांच्या अकाउंट्सवाल्याला फोन करा. बऱ्याचदा पॅनचं एक अक्षर चुकलेलं असतं. पॅन दिलाच नसेल तर १० ऐवजी २० टक्के कापतात, म्हणून काम सुरू करायच्या आधीच पॅन पाठवून ठेवा. आणि हो, टीडीएस कापू नका म्हणून बँकेत देतात तो १५ जी फॉर्म फी देणाऱ्या कंपनीला देऊन उपयोग नाही, प्रोफेशनल फी, कमिशन (विम्याचं सोडून) किंवा कॉन्ट्रॅक्टच्या टीडीएसला तो चालत नाही. बरेच जण देतात आणि मग कापले म्हणून चिडतात.

आता मुद्द्याचं, कुठल्या हेडखाली?

पगार त्याच्या जागी जातो, त्यात काही प्रश्न नाही. बाहेरच्या कमाईला दोन दरवाजे आहेत.

पहिला "इतर उत्पन्न". वर्षातून एखाददुसऱ्या वेळी, सहज, कोणी बोलावलं म्हणून केलेलं काम इथे बसतं. दिवाळी अंकाचं मानधन, एखाद्या कॉलेजात दिलेलं गेस्ट लेक्चर, ओळखीतून मिळालेलं एकदाच कमिशन. दुसरा "धंदा किंवा व्यवसाय". तुम्ही गिऱ्हाईक शोधताय, रेट ठरलेत, दर महिन्याला काम येतंय, पुढच्या वर्षीही करायचा विचार आहे, मग ते इथे. कायद्यात याला रुपयांची रेष नाही. दर शनिवारी शिकवणी घेणारी बाई महिन्याला चार हजार मिळवत असली तरी तो व्यवसाय होऊ शकतो आणि एकाच लेक्चरचे चाळीस हजार मिळाले तरी ते इतर उत्पन्न असू शकतं. कंपनीने टीडीएस १९४ जे खाली कापला म्हणून तुम्ही आपोआप प्रोफेशनल होत नाही, पण त्याच कंपनीकडून वर्षभर दर महिन्याला १९४ जे च्या एंट्र्या दिसत असतील तर "अधूनमधून केलं" हे सांगणं अवघड जातं, हेही खरं.

पहिल्या दरवाजाचा फायदा म्हणजे साधेपणा. खर्च मागायचा नसेल तर आयटीआर-१ मध्ये, म्हणजे "सहज" नावाच्या सोप्या रिटर्न फॉर्ममध्ये, इतर उत्पन्नाच्या रकान्यात रक्कम टाकली की संपलं. पण एक गोम आहे. ते पैसे मिळवायला झालेला खर्च वजा करायचा असेल तर कायदा परवानगी देतो, आयटीआर-१ देत नाही. त्या फॉर्ममध्ये फक्त फॅमिली पेन्शनची वजावट आहे. मग आयटीआर-२ ला जावं लागतं. दोन हजाराच्या मानधनासाठी बाराशेचा टॅक्सी खर्च मागायला कोणी आयटीआर-२ भरू नये असं माझं मत, पण खर्च दहा-पंधरा हजार असेल तर भरावा.

दुसऱ्या दरवाजातही दोन वाटा आहेत. खरा खर्च दाखवून खरा नफा काढायचा, त्याला आयटीआर-३ लागतो, आणि पहिल्यांदा करत असाल तर सीएला दोन पैसे दिलेले परवडतात. नाहीतर अंदाजी नफ्याची वाट, आयटीआर-४ म्हणजे सुगम. इथे वही तपासायचा त्रास नाही, कायद्याने ठरवलेले टक्के नफा म्हणून दाखवायचे. ४४ एडीए खाली मिळालेल्या रकमेच्या किमान ५० टक्के, ४४ एडी खाली बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्यावर किमान ६ टक्के आणि रोख आलेल्यावर ८ टक्के.

पण कोणाला कुठलं, इथे लोक फसतात. ४४ एडीए सरसकट सगळ्या फ्रीलान्सरसाठी नाही. वकील, डॉक्टर, इंजिनियर, आर्किटेक्ट, अकाउंटंट, टेक्निकल सल्लागार, इंटिरियर डेकोरेटर, कंपनी सेक्रेटरी, आयटीवाले आणि सिनेमाच्या कामातले नट, कॅमेरामन, एडिटर, गायक, गीतकार, संवादलेखक वगैरे अशी ठरलेली यादी आहे. शिकवणी त्यात नाही, भाषांतर नाही, केटरिंग नाही. शिकवणीवाले आणि मोदकवाले साधारणपणे ४४ एडी कडे जातात. कमिशन किंवा दलालीची कमाई असेल तर ४४ एडी मुळीच चालत नाही, कायद्यातच तसं लिहिलंय. आणि ४४ एडी एकदा धरलं की पाच वर्षं धरून ठेवायचं असतं, मध्येच सोडलं तर पुढची पाच वर्षं ते परत मिळत नाही.

हिशोब करून दाखवतो. ठाण्यात राहणारा आयटीवाला, पगार १८ लाख, नवी पद्धत. ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पगारदारांची सरसकट वजावट, गेलं की १७ लाख २५ हजार. बाहेर दोन दुकानदारांच्या वेबसाइट केल्या त्याचे ८०,००० मिळाले. इतर उत्पन्न म्हणून पूर्ण दाखवले तर २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये १६,००० आणि ४ टक्के सेस, म्हणजे १६,६४० टॅक्स. ४४ एडीए खाली निम्मे दाखवले तर ८,३२०. अर्धा टॅक्स वाचला, छान वाटतं. पण त्याच्याकडे कंपनीचे अमेरिकन शेअर असतील तर आयटीआर-४ बाद, आयटीआर-३ मध्ये जाऊन ते दाखवावं लागणार. शेअरमध्ये शॉर्ट टर्म गेन असला तरी तेच. आणि त्याने इंट्राडे (शेअरची त्याच दिवशी खरेदी-विक्री) किंवा एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्स) केलं असेल तर तो आधीच आयटीआर-३ वाला आहे, त्याला कल्पना नसते एवढंच.

अजून एक, आणि घराचा हप्ता भरणाऱ्यांनी हे नीट वाचा. नवी पद्धत आता डिफॉल्ट आहे. फक्त पगार आणि इतर उत्पन्न असेल तर दरवर्षी जुनी की नवी हे रिटर्न भरतानाच निवडता येतं, आज ही उद्या ती. पण एकदा धंदा-व्यवसायाचं इन्कम दाखवलं की जुन्या पद्धतीत जायला १०-आयईए फॉर्म रिटर्नच्या मुदतीच्या आत भरावा लागतो, आणि तिथून नव्यात परत आलात की धंदा चालू असेपर्यंत पुन्हा जुन्यात जाता येत नाही. डोंबिवलीतल्या फ्लॅटचं होम लोन, ८० सी (पीएफ, विमा वगैरेची वजावट), मेडिक्लेम असं सगळं असल्यामुळे ज्यांना जुनी पद्धत फायद्याची आहे त्यांनी वीस हजारांच्या शिकवणीसाठी हा दरवाजा उघडायच्या आधी दोनदा विचार करावा. काम खरंच अधूनमधूनचं असेल तर इतर उत्पन्नच बरं. खरंच नियमित धंदा असेल तर मात्र सोयीसाठी त्याला "अधूनमधून" म्हणू नका, तो तुमचा चॉइस नसतो.

८० क्यूक्यूबी नावाची लेखकांची वजावट आहे, पुस्तकाच्या रॉयल्टीवर ३ लाखांपर्यंत, तीही जुन्या पद्धतीतच. दिवाळी अंक हे नियतकालिक, त्याच्या मानधनाला ती मिळत नाही. दरवर्षी कोणीतरी विचारतंच म्हणून लिहिलं.

टॅक्स किती लागेल, आणि १२ लाखांच्या काठावरचे

नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत काही नाही, मग ८ लाखांपर्यंत ५ टक्के, १२ पर्यंत १०, १६ पर्यंत १५, २० पर्यंत २०, २४ पर्यंत २५ आणि पुढे ३०. एकूण टॅक्सेबल १२ लाखांपर्यंत असेल तर रिबेटमुळे टॅक्स शून्य. म्हणजे पगार ९ लाख आणि डबिंगचे ६०,००० असणाऱ्याचं एकूण होतं ८ लाख ८५ हजार, टॅक्स शून्य, आणि स्टुडिओने कापलेले ६,००० पूर्ण परत. अशा माणसाने साइडची कमाई लपवणं म्हणजे स्वतःचेच पैसे सरकारकडे सोडून देणं. तुमच्या आजूबाजूला असे खूप आहेत, त्यांना सांगा.

पण पगार बरोबर १२ लाख ७५ हजार असेल तर? स्टँडर्ड डिडक्शन गेलं की १२ लाख, टॅक्स शून्य. आता २०,००० मानधन आलं. एकूण १२ लाख २० हजार, रिबेट गेली. नेहमीच्या स्लॅबने टॅक्स ६३,००० होतो, पण मार्जिनल रिलीफ म्हणून जी सूट आहे ती म्हणते की १२ लाखांच्या वर जेवढे गेलात त्याहून जास्त टॅक्स घेणार नाही, म्हणजे २०,०००. त्यावर सेस ८००. मिळाले वीस हजार, भरायचे वीस हजार आठशे! हे साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत असंच चालतं, त्यानंतर नेहमीचा स्लॅब. काठावर असाल तर उपाय वर्ष संपायच्या आत करायचे असतात, जुलैत नाही. कामाला झालेला खरा खर्च मागणं हा एक, आणि ऑफिसमार्फत एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) हा दुसरा, कारण कंपनीने तुमच्या नावाने भरलेला एनपीएस बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत नव्या पद्धतीतही वजा होतो.

आगाऊ टॅक्स

टीडीएस वजा जाता वर्षाचा १०,००० किंवा जास्त टॅक्स निघत असेल तर तो रिटर्नपर्यंत थांबत नाही, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च असा हप्त्याने भरायचा. ४४ एडी किंवा ४४ एडीए वाल्यांना एकच तारीख, १५ मार्च. चुकलं तर महिन्याला १ टक्का व्याज. वरच्या ठाणेकराचा १६,६४० चा टॅक्स यात येतो, ८,३२० चा येत नाही.

यातून सुटायचा एक सोपा मार्ग आहे जो कोणी वापरत नाही. ऑफिसच्या अकाउंट्सला लेखी कळवा की माझं बाहेरचं इन्कम इतकं आहे, ते पगारातूनच जास्त टीडीएस कापतील. अर्थात ऑफिसला कळलेलं चालत असेल तरच. तुम्ही भरलेलं रिटर्न काही इन्कमटॅक्सवाले तुमच्या एचआरला पाठवत नाहीत, पण अपॉइंटमेंट लेटरमध्ये बाहेरच्या कामाला बंदी आहे का ते एकदा बघून ठेवा. मंत्रालयात किंवा सरकारी शाळेत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ लागू होतात, तिथे कामाआधी परवानगीचा प्रश्न येतो. टॅक्स भरला म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही आणि परवानगी नव्हती म्हणून टॅक्स माफही होत नाही.

जीएसटीची चिंता एवढ्या कमाईला करू नका, सेवांसाठी मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे. प्रोफेशन टॅक्स पगारातून २०० रुपये महिना आणि फेब्रुवारीत ३०० कापला जातो तोच, आणि एका माणसाकडून राज्य वर्षाला २,५०० च्या वर घेऊ शकत नाही, हे घटनेच्या २७६ व्या कलमातच आहे.

घरातल्यांची कमाई कोणाच्या नावावर

बायको मोदक करते आणि पैसे तुमच्या जीपेवर येतात, हे बंद करा. तिचं काम, तिचं खातं, तिचा पॅन. तिचं वर्षाचं एकूण ४ लाखांच्या आत असेल तर नव्या पद्धतीत रिटर्न सक्तीचं नाही, पण कोणी टीडीएस कापला असेल तर तो परत मिळवायला भरावंच लागतं, आणि वर्षाचा टीडीएस २५,००० किंवा जास्त असेल तर सक्तीचंच आहे. पुढे लोन किंवा व्हिसाला ते रिटर्न कामी येतं तो भाग वेगळा.

मुलांचं उलटं वाटेल. अल्पवयीन मुलाच्या नावावरच्या एफडीचं व्याज आईवडिलांच्या इन्कममध्ये धरतात, पण मुलाने जाहिरातीत किंवा सिरियलमध्ये काम केलं तर ती त्याच्या कौशल्याची कमाई, ती त्याचीच. त्याचा स्वतःचा पॅन काढायचा आणि पालकांनी त्याच्या वतीने रिटर्न भरायचं. त्या पैशाची एफडी केली की तिचं व्याज मात्र पुन्हा पालकांकडे, हे लक्षात ठेवा.

रिटायर झालेले बाबा शिकवणी घेत असतील आणि साठच्या वर असतील तर धंद्याचं इन्कम नसताना त्यांना आगाऊ टॅक्स लागत नाही. शिकवणी व्यवसाय म्हणून दाखवली की ही सवलत जाते. हेड ठरवताना हेही बघा.

प्रत्यक्ष भरताना

पोर्टलवर ई-फाइल मध्ये जाऊन असेसमेंट इयर (कमाईच्या पुढचं वर्ष) २०२६-२७ निवडा, नाहीतर लोक २०२५-२६ निवडून बसतात कारण कमाईचं वर्ष तेच असतं. फॉर्म वर ठरवलाय तो घ्या. पगार, व्याज आधीच भरून आलेलं असतं, ते ऑफिसने दिलेल्या फॉर्म १६ शी जुळवा. इतर उत्पन्नात "इतर कुठलंही" असा पर्याय निवडून मानधन किंवा फी असं थोडक्यात लिहा आणि रक्कम टाका, बिलाची बरं का. प्रत्येक देणाऱ्याची वेगळी ओळ टाकली तर पुढे चौकशी आली तरी उत्तर द्यायला सोपं. आयटीआर-४ मध्ये धंद्याचा कोड, एकूण मिळालेली रक्कम, त्यातली बँकेतून किती आणि रोख किती, असं विचारतात. टीडीएसच्या शेड्यूलमध्ये २६ एएसमधली प्रत्येक ओळ आलीये ना ते बघा. मार्चमध्ये बिल बुक झालं, टीडीएस तेव्हाच दिसतोय आणि पैसे मे महिन्यात आले असं झालं असेल तर टीडीएस ज्या वर्षात दिसतोय त्याच वर्षात इन्कम दाखवणं सगळ्यात सरळ.

टॅक्स निघाला तर ई-पे टॅक्समधून सेल्फ असेसमेंट टॅक्स हा प्रकार निवडून भरा, कोड ३००. आगाऊ टॅक्सचा कोड १०० आहे, मार्चनंतर तो निवडू नका. चलनाचा नंबर रिटर्नमध्ये आला की सबमिट करा. रिफंड असेल तर बँक खातं व्हॅलिडेट केलेलं हवं. आणि मग आधार ओटीपीने व्हेरिफाय करा, ३० दिवसांच्या आत. व्हेरिफाय न केलेलं रिटर्न भरल्यात जमा नाही.

३१ जुलै डोक्यात धरून चाला. राहिलंच तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं, ५,००० लेट फी, एकूण इन्कम ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००. मुदतीत भरलं पण मोदकांचे पैसे टाकायचे राहिले असं लक्षात आलं तर रिव्हाइज करा, तुमच्या आधी डिपार्टमेंटचा मेल येईपर्यंत थांबू नका.

आणि मागच्या दोन-तीन वर्षांचे पैसे दाखवलेच नसतील तर अपडेटेड रिटर्न आहे, आयटीआर-यू. असेसमेंट इयर संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत भरता येतं. पहिल्या वर्षात टॅक्स आणि व्याजावर २५ टक्के जादा, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६० आणि चौथ्यात ७०. म्हणजे जितकं लांबवाल तितकं महाग. रिफंड मागायला मात्र हा फॉर्म चालत नाही, त्यामुळे कापलेला टीडीएस परत हवा असेल तर त्याच असेसमेंट इयरच्या ३१ डिसेंबरच्या आत हालचाल करायची.